जुम्म्याच्या दुपारी कापलेला ओटा

प्रिय गौस,

गेल्या सोमवारी सकाळी साडेसातला मी इथं मस्कतमधल्या एका बंगल्यात, स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या कपाटात डोकं घालून उताणा पडलो होतो. हातात मोबाइलचा टॉर्च. वर ग्रॅनाइट तडकलेलं, सिंकच्या पुढच्या कोपऱ्यापासून थेट कडेपर्यंत. मालकीणबाईंचं म्हणणं, स्वयंपाकाच्या बाईनं आगीसारखा तापलेला कुकर आपटला. ती बाई श्रीलंकेची, आपल्याच वयाची असेल. दारात उभी राहून ओले हात पुन्हा पुन्हा पुसत होती आणि एकच वाक्य म्हणत होती, "मैं नहीं किया, भैया." ओटा आमच्याच कंपनीनं आठ महिन्यांपूर्वी बसवलेला. सुपरवायझरनं मला गाडीतच सांगून ठेवलं होतं की कागदावर 'गरम भांड्यामुळे तडा' एवढं लिहायचं, सही करायची आणि निघायचं. मी तसं लिहिलं असतं तर त्या बाईला परत पाठवणार होते.

खालून मला सगळं दिसलं. कोपऱ्याला भोक पाडलेलंच नव्हतं. कटर सरळ चालवत नेला होता आणि तो कोपरा ओलांडून दोन बोटं पुढं गेला होता. मग त्या चिरेत काळी पावडर कालवलेलं केमिकल भरून वरून पॉलिश मारलं होतं. वरून बघणाऱ्याला देवानं दिलेला दगड वाटावा इतकं सफाईदार. मी बाहेर आलो, गुडघे झटकले आणि म्हणालो, "मॅडम, गलती हमारा है. कुकर का नहीं." सुपरवायझरनं परतीच्या वाटेवरच गोदामात फोन लावला. दुसऱ्या दिवसापासून मला गोदामात लाद्या उचलायला लावलंय. पाठ दुखते, पण त्याचं काही नाही. त्या बाईचं काम टिकलं.

हे तुला फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर मी गंभीर झालो की तू हसतोस, "परभू, पोटात गडबड हाय का रं?" म्हणतोस आणि विषय बदलतोस. चौदा वर्षं तू हेच करतोयस आणि मलाही ते सोयीचं पडत आलंय. म्हणून कागद घेतला. आमच्या खोलीतला शिवराज अक्कलकोटकडचा, गुरुवारी सुट्टीवर निघतोय. तो सोलापुरात उतरून हे पत्र तुझ्या हातात देईल.

जुलेखाभाभींनी तुमच्या जोयाच्या लग्नाची तारीख फोनवर कळवली. मुलगा विजापूर वेशीतला, शिकलेला आहे, फार बरं वाटलं. आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "अब्बा येणार न्हाईत म्हनले. पोरीला हितंच बोलवून दुवा देतो, पण गौसच्या दारात पाय ठेवनार न्हाई." हे ऐकल्यापासून माझा जप होत नाही. सकाळी अंघोळ करून सिद्धेश्वराच्या फोटोपुढं बसतो, उदबत्ती लावतो आणि पहिल्या नावाशीच अडकतो. त्या बंगल्यात दुसऱ्याची चूक सांगायला माझी जीभ लगेच वळली. म्हणजे हिंमत माझ्यात होती म्हणायची. मग ती इतकी वर्षं कुठं होती, हे देव विचारतोय असं वाटत राहतं.

उस्तादांनी, तुझ्या अब्बांनी, आपल्याला पहिल्या महिन्यात काय शिकवलं ते आठव. भवानी पेठेतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आपल्याला दगडाला हातसुद्धा लावू देत नव्हते. नुसते कोपरे बघायला लावायचे. सिंकचं तोंड कापायचं तर आधी चारी कोपऱ्यांना गोल भोकं पाडायची, मग भोकापासून भोकापर्यंत कटर चालवायचा, रेघभरही पुढं जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तडा तिथूनच जातो. "पत्थर कोने में से रोता, बेटा," म्हणायचे. गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकून आलेला मी, मला ते एखाद्या अभंगासारखं पाठ झालं होतं. आणि तरी मीच ते मोडलं.

आबासाहेबांचा जुळे सोलापुरातला बंगला. बार्शीची आडत मुलांवर सोपवून ते इकडं राहायला आले होते. शनिवारी वास्तुशांत, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत सिंकचं तोंड कापायचं बाकी. तू नमाजाला जाताना म्हणालास, "मी आल्यावर कापतो, तू हात लावू नको." कापायचं काम तुझं, बसवायचं आणि पाणसळ धरून सपाटी बघायचं माझं, असं आपलं ठरलेलं होतं. भोक पाडायची मशीन उस्तादांकडे दुसऱ्या कामावर होती, ती तू येताना आणणार होतास. पण आबासाहेब दर पाच मिनिटांनी येऊन विचारत होते, "व्हईल न्हवं? ब्राह्मण उद्या सकाळी सात वाजता येनार हायेत." आणि खरं सांगतो, त्यांच्या घाईपेक्षा माझी हौस मोठी होती. मलाही कापता येतं हे मला दाखवायचं होतं. मी कटर घेतला. पहिले तीन कोपरे जमले. चौथ्याला कटर पुढं गेला.

तू परत आलास तेव्हा मी केमिकल भरून पॉलिश करून बसलो होतो. तू पिशवीतून मशीन काढलीस, ओट्याकडं बघितलंस, चौथ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवलास. तू एवढंच म्हणालास, "चहा पिलास का?" आणि आपण दोघांनी मिळून तो ओटा बसवला. तिथंच दगड काढून टाकायला हवा होता, हे दोघांनाही माहीत होतं.

नवव्या दिवशी सिंकच्या पुढची पट्टी तुटली. भांड्यांनी भरलेलं सिंक आणि ती पट्टी आबासाहेबांच्या सूनबाईंच्या, ऋतुजाताईंच्या पायावर पडली. दोन बोटं गेली. उस्ताद तुटलेला तुकडा हातात घेऊन उलटासुलटा बघत होते. केमिकल त्यांना लगेच दिसलं. "किसने काटा?" त्यांनी विचारलं. मी तुझ्यापासून तीन हातांवर उभा होतो. तू म्हणालास, "मी." मी तोंड उघडणार होतो असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. नव्हतो, गौस. मी उघडणार नव्हतो. अभिमन्यू बावीस दिवसांचा होता, विजयमाला बाळंतपणातून उठली नव्हती आणि आम्ही राहत होतो ती खोली उस्तादांच्या शेडवरची. मला बाहेर काढलं असतं तर गावाला मोडनिंबला परत जाऊन राहायला छप्पर नव्हतं. हे तुला ठाऊक होतं. आपण त्यांचा मुलगाच आहोत, चार दिवस रागावतील आणि माफ करतील, असा तू हिशेब केलास. मुलगा होतास म्हणूनच त्यांनी माफ केलं नाही. "गलती मैं भी किया. छुपाया कायकू?" एवढं बोलून त्यांनी सगळ्यांदेखत तुझ्या हातातून कटर काढून घेतला, आणि तो माझ्या हातात दिला.

त्याच कटरवर मी घर चालवलं. अभिमन्यूला शिकवलं, इथं आलो. तू टेम्पो चालवायला लागलास. तुझ्यासारखा कापणारा हात सोलापुरात दुसरा नव्हता, आणि त्या हातानं तू स्टीअरिंग धरलंस. ईदेला तू शीरखुर्म्याचा डबा घेऊन माझ्या खोलीवर यायचास आणि शेडशेजारच्या वडलांच्या दारावरून मान खाली घालून परत जायचास. मी तो शीरखुर्मा खाल्ला आहे. दरवर्षी खाल्ला आहे.

हे सगळं तुला माहीतच आहे, मग लिहितो कशाला, असं तू म्हणशील. यासाठी लिहितो, की आज सकाळी मी उस्तादांना फोन केला. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाला असतास आणि मी ते आनंदानं ऐकलं असतं. मी म्हणालो, "उस्ताद, आबासाहेबांचा ओटा मी कापला होता. गौस मशिदीत होता. केमिकल पण मीच भरलं." मग त्यांनी विचारलं, "गौस कू मालूम था?" मी म्हटलं, "व्हय उस्ताद, त्याच दिवसापासनं." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मैं दूसरी बार पूछाच नहीं उसकू." मला त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती दिली नाही. फोन तसाच चालू ठेवून ते उठले. काठीचा आवाज लांब गेला, दाराची कडी वाजली. मी फोन कानाला लावून बसून राहिलो. ते कुठं गेले मला माहीत नाही. हे पत्र पोचेपर्यंत ते तुझ्या दारात आले असतील, किंवा नसतील. ऋतुजाताईंना वेगळं पत्र लिहिलंय, तेही शिवराजकडंच आहे. तुझ्याकडं माफी मागण्याएवढं तोंड मला नाही, म्हणून मागत नाही. पण तुझ्या अब्बांना आता खरं माहीत आहे, आणि ते मी माझ्या तोंडानं सांगितलंय.

तुझाच,
प्रभु