सलीमभाईंचं हँडल

शुक्रवार, अकोट

कापसाच्या जिनिंगसमोर बैलगाडी सोडली. दुसरा बैल बांधायला जागा नव्हती, म्हणून आमच्या घराशेजारच्या सलीमभाईंच्या तिथं उभ्या मोटारसायकलच्या हँडललाच दावं गुंडाळलं. दोनच मिनिटं! बैल बुजला, मोटारसायकल आडवी पडली. चाक एकीकडे, हँडल भलतीकडे. मी घाईनं दावं ओढून काढलं.

सलीमभाई आले. "मातीत स्टँड धसलं वाटते," म्हणाले. मी मान डोलावली. काहून डोलावली?

संध्याकाळी त्यांच्या अंगणात पुढचं चाक गुडघ्यांत दाबून मीच उभा, ते हँडल पिळताहेत. झालं सरळ. "तुह्यासारखा शेजारी पायजे," म्हणाले. मला वर बघवेना.

मग क्लचच्या दांडीत अडकलेला दाव्याचा तुटका पीळ त्यांनी सोडवला, माझ्या हातात ठेवला.

"बैलाले लागलं तं नाही ना?"