पत्र्यास कारण की

मु. पाली, ता. जि. बीड
बुधवार, दुपार, ऊन मरणाचं

आमचे एकुलते एक साडू, मांजरसुंब्याचे नामांकित ढाबेवाले श्री. गहिनीनाथराव यांना सुंदररावाचा रामराम. विजयमालेला आशीर्वाद.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो असं विजयमाला तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती, आणि तिची बहीण म्हणजे आमची तुळजाबाई फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून कळलं. मी कान देऊन ऐकत नव्हतो. आमची तब्येत नारायणगडाच्या कृपेनं ठणठणीत आहे. साखर तेवढी वरखाली व्हायची, पण तुमच्या ढाब्यावर येणं बंद केल्यापासून तीही जाग्यावर आहे. आपला अबोला आहे हे मी विसरलेलो नाही. पण अबोला तोंडाचा असतो, हाताचा नसतो. म्हणून फोन न करता हे लिहायला बसलो. (नियमात बसतं. तुम्हीही याच नियमानं उत्तर देऊ शकता.)

पत्र्यास कारण की... थांबा, ही हातचूक न्हाई, चष्मा लावूनच लिहितोय. लोक लिहितात पत्रास कारण, मी लिहितोय पत्र्यास कारण, कारण सगळं रामायण पत्र्यांचंच आहे. मागच्या वैशाखात आमच्या गच्चीवरचे पत्रे वाऱ्यानं उचलले, तेव्हा तुम्ही आमच्याच ओट्यावर, आमच्याच चहाची कपबशी धरून उभे होतात. पत्रे धरणाकडच्या वाऱ्यावर पतंगासारखे गेले आणि कडूबाईच्या गोठ्यामागं जाऊन पडले. म्हैस वाचली. माणसानं अशा वेळी हळहळावं, निदान चहा खाली ठेवावा. तुम्ही काय केलंत? साऱ्या आळीदेखत म्हणालात, ‘साडूभाऊ, गाडी वेळेच्या आधीच सुटली की!’ ज्या माणसानं बीडच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून माईकपुढं केस पांढरे केले, ज्याच्या हातून गाड्या उशिरा सुटल्या असतील पण आधी एकही न्हाई, त्याला हे! आळी अजून हसते. कडूबाई तर म्हशीची धार काढताना मला विचारते, पुढची गाडी कधी हाय म्हणून. ते पत्रे टाकायच्या आधी तुम्ही कुणातरी मिस्त्रीचं नाव सुचवलं होतंत, मी ते मनावर घेतलं नव्हतं, हेही तुम्ही त्याच वेळी उकरून काढलंत. ढाबेवाल्याची शिफारस आम्ही शेवभाजीपुरती घेतो, एवढंच मी म्हणालो. त्यात रागवून जेवण न करता उठून जाण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

असो. झालं गेलं बिंदुसरेला मिळालं. आता नवी गोष्ट ऐका, आणि ऐकताना जरा ताठ बसा, कारण गोष्ट आमच्या पोरीची, तुमच्या भाचीची, रोहिणीची आहे. पोरीनं शिवणाचा क्लास काढलाय. बीडला जाऊन रीतसर शिकून आली आणि आता पालीच्याच काय, आसपासच्या वाड्यांवरच्या पोरी तिच्याकडं नाव घालतायत. ब्लाऊज असा बेतते की तुळजाबाईनं, जी देवाच्या मूर्तीच्या कपड्यातही खोट काढते, तिनं आरशापुढं उभं राहून तोंडातून शब्द काढला न्हाई. मला तर वाटतं हा हात आमच्याकडूनच आलाय. (माझी आजी गोधड्या शिवायची. तुमच्याकडं कुणी शिवत होतं का? नसेल.) पण शिलाई मशिनी सगळ्या बैठकीत आहेत. मी टीव्ही बघायला बसतो तेव्हा एक पाय एका मशिनीखाली आणि दुसरा दुसरीखाली असतो. परवा बातम्या बघता बघता नकळत पायपट्टी हलवली तर माझ्याच लेंग्याला शिवण पडली. पोरी हसल्या. हसू द्या, शिवण सरळ होती.

मशिनी गच्चीवर न्यायच्या, त्यासाठी गच्चीवर पत्र्याचं छप्पर पाहिजे, आणि ते पावसाच्या आत पाहिजे. रोहिणीनं मला स्पष्ट सांगितलंय. आबा, मृगाच्या आत छप्पर झालं तर क्लास इथं, न्हाई तर मी बीडला गाळा बघितलाय, मैत्रिणीबरोबर तिथंच राहीन. रागानं नाही बोलली, हिशेबानं बोलली, म्हणून जास्त लागलं. साडूभाऊ, तुम्हाला पोरगी न्हाई म्हणून सांगतो. सकाळी बैठकीतून मशिनीचा आवाज आला की मला घर भरल्यासारखं वाटतं. ती गेली तर मी दिवसभर कुणाला ओरडायचं? तुळजाबाई तर ऐकतच नाही. हे मी पोरीला बोललेलो न्हाई. बापानं असलं बोलायचं नसतं.

म्हणून या खेपेला ठरवलं, मिस्त्री निवडायचा तो पारखून. मी नोटीस काढली. मोबाइलच्या स्टेटसला टाकली आणि मारुतीच्या पाराशेजारी डकवली. अक्षर माझं, म्हणजे बघायलाच नको. ‘गच्चीवर छप्पर टाकणे आहे. इच्छुक कारागिरांनी आपापली पत्रे घेऊन समक्ष भेटावे. पत्रे पाहिल्याशिवाय काम दिले जाणार नाही.’ माझ्या मनात काय, तर ज्यांच्या घरचं काम केलं त्यांच्याकडून दोन ओळींची पत्रे आणा, म्हणजे माणूस कसा आहे ते कळेल. तुळजाबाई म्हणाली, ‘पत्रे’ कशाला लिहिता, ‘पत्रं’ लिहा की, जसं बोलतो तसं. मी तिला समजावलं की नोटिशीची भाषा चुलीपुढच्या भाषेसारखी नसते. शासनाची मराठी वेगळी. ती ‘बरं’ म्हणाली. तुमची मेहुणी ‘बरं’ म्हणाली की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी दारात टेम्पो. टेम्पोत पत्रे. ते पत्रे! हरिबा मिस्त्री (हो, तोच, ज्यानं मागचं छप्पर टाकलं होतं) मी चप्पल पायात घालेपर्यंत अर्धा माल गल्लीत उतरवून बसला होता. नोटिशीत लिहिलंय घेऊन या, तर आणले. मी म्हणलं, अरे बाबा, ती पत्रे, हे पत्रे न्हाई! तो म्हणाला, आण्णा, पत्रे ते पत्रेच. व्याकरण समजावून सांगावं म्हणून मी वरचा पत्रा हातानं सरकवला, तर खाली माझ्याच अक्षरात, ऑइलपेंटनं, ‘फलाट क्र. ३’. तुम्हाला आठवत असेल, मागच्या छपराच्या प्रत्येक पत्र्यावर मी आतून फलाट क्रमांक घातले होते, म्हणजे गळती लागली की खालून नेमकं सांगता यावं, फलाट क्रमांक तीनवर बादली लावावी. तेच पत्रे! कडूबाईच्या गोठ्यामागून भंगार म्हणून यानंच उचलून नेले, ठोकून सरळ केले, आणि आता मलाच परत. मी विचारलं, लाज न्हाई वाटत? हरिबा शांतपणे म्हणाला, ‘ओळखीचा माल हाय आण्णा, तुमच्या घराची सवय हाय त्याला.’ आजवर मी अनेक प्रवाशांशी भांडलो, पण असा जवाब कुणी दिला न्हाई.

मग आले भगवानराव. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मागं दोन कार्यकर्ते, आणि हातात नारळ. हे कुठल्याशा साहेबांच्या जवळचे आहेत आणि सभामंडपांवरचे पत्रे टाकतात. त्यांनी माझी नोटीस बरोबर वाचली होती, पत्रेच आणली होती, कागदाची. मी खूश होऊन चष्मा लावला तर सगळ्या उद्घाटनाच्या निमंत्रणपत्रिका. कुणी फीत कापली, कुणी अध्यक्षस्थान भूषवलं, सगळं होतं, छप्पर गळतं का ते कुठंच नव्हतं. मी माझा ठेवणीतला प्रश्न टाकला, आमच्या गच्चीवर वारा कुठल्या बाजूनं येतो? भगवानराव म्हणाले, ‘वारा सध्या साहेबांच्याच बाजूनं हाय.’ त्यांचे कार्यकर्ते गच्चीवर फ्लेक्स कुठं बसेल ते मोजत होते. चहा पाजला आणि वाटेला लावलं. नारळ त्यांनी फोडायला आणला होता, तो तुळजाबाईनं चटणीला ठेवून घेतला.

शेवटी जमील आला. बीडचा वेल्डर, चाळिशीचा, बोलायला लागला की थांबत न्हाई. (मला स्टँडवर असा सहायक मिळाला असता तर माझा घसा वाचला असता.) हातात पत्रा न्हाई, पत्र न्हाई, बरोबर एक म्हातारी बाई. मी म्हणलं, पत्रे कुठायत? त्यानं म्हातारीकडं बोट केलं. त्याची सासू, रहेमतबी, बीडच्या मंडईत फळं विकते. तिच्या घरावर यानंच पत्रे टाकलेत. मी तिला विचारलं, कसं आहे काम? ती पदर सावरून म्हणाली, ‘बातां बहोत करता जमील. पर पाणी की एक बूंद नै आई घर में.’ आणि वर मला पाटीतली एक पपई दिली, जावयाच्या नावानं.

इथं माझं डोकं चाललं, साडूभाऊ, आणि हा शोध माझा आहे, कुणी सांगितला तर माझं नाव घ्या. जो जावई सासूच्या घरावर छप्पर टाकतो आणि पावसाळा होऊन गेल्यावरही तिथं जेवायला जातो, त्याला दुसरं प्रमाणपत्र मागायचं न्हाई. ज्या घरात चुकीला माफी न्हाई तिथं जो पास झाला तो आमच्याकडं नापास कसा होईल? तुळजाबाईनं लगेच विचारलं, मग तुमी माझ्या आईसाठी काय केलंत? (आपली दोघांची सासू एकच आहे, म्हणून हा विषय इथंच सोडू.)

जमीलनं गच्चीवर जाऊन वारा कुठून येतो ते न विचारता सांगितलं. मागच्या खेपेला पत्र्याची कड धरणाकडं उघडी ठेवली होती, वारा आत शिरला आणि घेऊन गेला. आता कड उलटी चढवायची, खिळे न्हाई, हूकबोल्ट आणि खाली रबरी वायसर. अर्धा तास स्वतःची तारीफ केली आणि वर म्हणाला, चाचा, घर उडंल पण पत्रा उडणार न्हाई. तुळजाबाईला ते वाक्य आवडलं नाही, मला लई आवडलं. निवड सर्वानुमते झाली. सर्वानुमते म्हणजे मी.

तर योग्य माणूस कसा पारखावा, हे तुमच्यासारख्या अनुभवी पण घाईच्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून इतकं सविस्तर कळवलं. बाकी विशेष काही न्हाई, काम तर काहीच न्हाई. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा वडील साडू,
सुंदरराव

ता. क. जमील म्हणतो त्याच्याकडं तुमच्या ढाब्याच्या मागच्या शेडचं काम आधी लागलंय. ते झाल्याशिवाय आमच्याकडं हात लावता येणार न्हाई, आणि तोवर मृग येईल. शेडमध्ये तुम्ही सरपण ठेवता. सरपण ताडपत्रीखालीही राहतं, पोरी ताडपत्रीखाली शिकत न्हाईत. मी काही मागत नाही. विचार करावा एवढंच.

ता. क. तुळजाबाई मागं उभी राहून वाचतेय. ती म्हणते, दोन सालांपूर्वी तुम्ही सुचवलेला मिस्त्री जमीलच होता. मला नाव आठवत न्हाई. असेलही. जमील नावाचे पुष्कळ असतात.

ता. क. बरं, मागतो. तुमची पाळी आम्हाला द्या, गहिनीनाथराव. पोरीसाठी मागतोय.

(खालचं अक्षर रोहिणीचं.)

काका, नमस्कार. आबांनी पाकीट डकवायला माझ्याकडं दिलं, मी सगळं वाचलं. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, ‘जमीलला पाठवतो, माझी पाळी पण देतो, पण सुंदररावानं एकदा मागितलं पाहिजे.’ मागितलंय बघा. एवढी पानं लागली, पण शेवटच्या ओळीत मागितलंय. जमीलभाईंना आता कळवा, ‘आधी ढाबा’ म्हणायचं नाटक पुरे, पत्रे घेऊन निघा. बीडच्या गाळ्याला मी आत्ताच नको म्हणून कळवलं. का, ते आबांना सांगू नका. पान दोनवर त्यांनी मशिनीच्या आवाजाचं लिहिलंय.

आता तुमची पाळी, काका. जमीलभाईंच्या टेम्पोत पुढं बसून तुम्ही पण या. कडूबाई दारातच असेल. तिच्यादेखत उतरा आणि मोठ्यानं म्हणा, ‘साडूभाऊ, गाडी अगदी वेळेवर आली.’ चहा मी ठेवते.