खाडी तिथीनं चालते

१ फेब्रुवारी १९६६, मंगळवार

आज एकादशी. उपाशीपोटीच पालघर गाठलं. आठच्या ठोक्याला इथल्या मुरब्याच्या बंदरावर सुकादादांच्या होडीत बसले. खाडी तुडुंब भरलेली. बघता बघता पलीकडे सातपाटी, पुढे एस.टी. सगळं इतकं सुरळीत की मलाच नवल वाटलं.

कचेरीतले कारकून म्हणाले, "आपसात बदलीचे कागद आलेत. पण सही साहेबांसमोर हवी. येत्या मंगळवारी, साडेअकराच्या आत. मग साहेब दौऱ्यावर. मुदत टळली की अर्ज बाद."

पुष्पलताबाई इकडच्या, अडकल्यात आमच्या परभणीकडच्या शाळेत. मी तिकडची, अडकलेय इथे. त्या इकडे, मी तिकडे — इतकं सोपं, आणि त्याला दोन वर्षं लागली! यांची नोकरी तिकडे, बाळू सासूबाईंपाशी. चार वर्षांचा झाला. दिवाळीत गेले तर मला मावशी म्हणाला. सगळे हसले, मीही हसले. मग न्हाणीघरात जाऊन बसले.

इथे गावात कुणाला सांगितलेलं नाही. काय तोंडानं सांगू? कमळी सातवीत आहे. कोळीवाड्यातली फायनलला बसणारी पहिली मुलगी. तिची आई गोदूबाई मासे विकून तिला शिकवतेय, आणि परीक्षा एप्रिलात.

७ फेब्रुवारी

तांब्यात निखारे घालून साडीला इस्त्री केली. उद्या आठची होडी, मागच्या मंगळवारसारखीच.

८ फेब्रुवारी

अंग ठणकतंय, पण आजचं आजच लिहायचं.

आठला बंदरावर गेले तर खाडीच नाही! नुसता चिखल, होड्या आडव्या पडलेल्या, मध्ये पाण्याची एक चिंचोळी पट्टी. सुकादादा जाळं सांधत बसले होते.

"दादा, होडी?"

"आता कुटली होडी, बाय? ओहोट हाय. अकरा वाजतील."

"पण मागच्या मंगळवारी आठला तर भरलेली होती."

हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. "तवा एकादस होती. आज तीज. खाडी तिथीनं चालते, घड्यालानं नाय."

दोन वर्षं मी या गावातल्या पोरांना भूगोल शिकवतेय. भरती-ओहोटी, चंद्राचं आकर्षण, फळ्यावर आकृतीसकट. आणि खाडीला मात्र एस.टी.चं वेळापत्रक लावून मोकळी! एरवी सुट्टीला बोईसरवरून जाते, त्यामुळे पाण्याची वेळ कधी बघावीच लागली नाही. आमची गोदावरी बापडी दिवसातून दोनदा कुठे जात-येत नाही. आता बोईसरवरून वळसा घालायचा तर बारा वाजणार. तिथेच मटकन बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

तेवढ्यात गोदूबाई पाटी घेऊन आली. काय झालं, कशाला जायचंय, काही विचारलं नाही. "कितीला पोचाया पायजे?" म्हणाली. मी सांगितलं. तिनं माशांची पाटी खाली ठेवली आणि सुकादादांच्या होडीतल्या दोन फळ्या उचलल्या. एक फळी चिखलावर टाकायची, तिच्यावर उभं राहायचं, दुसरी पुढे टाकायची. पुढच्या फळीवर गेलं की मागची उचलून पुन्हा पुढे. मी फळीवर, आणि ती मांडीएवढ्या चिखलात माझा हात धरून.

"खाली नको बघू, बाय. समोर बघ."

दोनदा पडले. चपला चिखलानं गिळल्या. सुकादादांनी — साठीचा माणूस — पट्टीतून छोटं होडकं ओढत आणलं आणि पलीकडे काढलं. तिकडे आणखी थोडा चिखल होता, तो मी हातापायांवर पार केला. आता लाज कसली!

सातपाटीच्या काठावर एक म्हातारी हंडा घेऊन चालली होती. लांबच्या विहिरीचं गोडं पाणी. तिनं ते सरळ माझ्या पायांवर ओतलं. मी नको नको म्हणेपर्यंत अर्धा हंडा रिकामा. "अशी जाशील सायबाकडं?" म्हणत पायातल्या टायरच्या चपलाही काढून दिल्या. नावसुद्धा विचारायचं राहिलं. पुढे एस.टी. सुटायच्या बेतात होती. मी पळताना दिसले तर कंडक्टरनं घंटी मारून थांबवली, आणि साडीचा चिखल लागेल म्हणून मी उभीच राहिले तर स्वतःची जागा देऊन मला बसवलं.

अकरा वीसला सही केली. साडी गुडघ्यापर्यंत काळी, पायात दोन बोटं मोठ्या चपला. साहेब एकदाच बघून म्हणाले, "बसा. आधी पाणी प्या."

चारच्या सुमाराला भरल्या पाण्यातून परत आले. गोदूबाई बंदरावरच होती. तिचा आजचा बाजार माझ्यापायी बुडाला.

"झालं काम?"

"झालं."

"बरं झालं."

कसलं काम ते मला सांगवलं नाही. फार वाईट वाटतंय.

११ फेब्रुवारी

वर्णनावरून सुकादादांनी म्हातारी ओळखली. त्यांच्याबरोबर तिच्या चपला परत पाठवल्या, सोबत शेंगदाण्याची चटणी. तिनं उलट सुके बोंबील धाडले. माळकरी सासूबाईंना कळलं तर माझं काही खरं नाही. कमळीला देऊन टाकले.

१९ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर कमळीला त्रैराशिक समजावत होते. ती मध्येच म्हणाली, "बाई, तुमी गेल्यावर मला गणित कोन सांगेल?"

मी खडू खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या सासूबाईंचं कार्ड आलेलं ना, संक्रांतीला. पोष्टमन आमच्या घरी ठेवून गेला. आईनं वाचाया लावलं."

बरोबरच आहे. गावाची सगळी पत्रं कमळीच वाचते. असं घडाघडा वाचायला शिकवलं कुणी? मीच. कार्डावर सासूबाईंनी कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं — बाळू रोज दारात बसतो, बदलीचं लवकर कर.

"मग आई काय म्हणाली?"

"बोलली, कुनाला सांगू नको. पोराला आई पायजे."

म्हणजे त्या दिवशी गोदूबाईला ठाऊक होतं. एकेक फळी उचलून पुढे टाकत होती, तेव्हाही. आपल्या पोरीची मास्तरीण आपल्याच हातानं पलीकडे पोचवत होती. तिच्या पाया पडावंसं वाटलं. पडले असते तर शिव्या खाल्ल्या असत्या.

२६ फेब्रुवारी

हुकूम आला. एक मार्चला परभणीकडे हजर व्हायचं. मी लगेच अर्ज केला — फायनलची परीक्षा होईपर्यंत मुदत मिळावी. मिळेल, नाही तर बदलीच जाईल. यांना सगळं लिहून कळवलं, कार्डावर नाही, पाकिटातून. बाळूचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं.

संध्याकाळी सुकादादांना विचारून आले — चैत्र शुद्ध चतुर्दशीला सकाळी होडी किती वाजता निघेल? कमळीला परीक्षेला मी नेणार आहे.