बोटभर जास्त

सोमवार, ३ जून

चपला काढायच्या म्हणे! त्याच्या खोलीत जाताना! अठरा वर्षं या शिवण-कारखान्यात कापड कापतेय, माझ्या टेबलाशी कुणी कधी काढल्या नाहीत. त्याला एसी, त्याला पडदा, त्याला मखमलीचं झाकण. आम्ही दहा बायका एका कुरकुरणाऱ्या पंख्याखाली. मालक येईल-जाईल त्याला सांगतात — "सगळ्यात भारी कॉम्प्युटर. सोळा एमबी मेमरी! गावात दुसरा नाही." घ्या मग डोक्यावर नि नाचा!

आणि त्याच्यापुढे बसलंय कोण? आमचीच. धाकटी नणंद. मी या घरात आले तेव्हा चार वर्षांची होती. हिच्या वेण्या मी घातल्या, हिचा अभ्यास पुरा होईपर्यंत भाकऱ्या मी थापल्या. चौथीत शाळा सुटलेली मी दिवसभर उभी — आणि ही फिरत्या खुर्चीत!

मंगळवार, ४ जून

गिरकी घेतली तिने खुर्चीत. मला बघून थांबली. थांबतेस कशाला बाई, घे!

शनिवार, ८ जून

आज माझे पुठ्ठ्याचे साचे नेले. कोटाची पाठ, पुढा, बाही — धाकटीने एकेक गिरवून त्या डब्याच्या पोटात घातले. मालक म्हणाले, "आता हा कागदावर रेघा छापून देणार. रेघेवर कात्री चालवायला कुणीही चालेल." कुणीही! माझ्याकडे बघून!

पण एक गोष्ट पुठ्ठ्यावर नाही. बगलेत बोटभर जास्त सोडावं लागतं. साचा माझ्याआधीच्या शिंपी-मास्तरांचा, पहिल्यापासून तोकडा. मी कापतानाच बोट ठेवते नि पुढे जाते. नवा पुठ्ठा कोण कापत बसतंय!

सांगितलं नाही. मला विचारलं कुणी?

बुधवार, १२ जून

हॉटेलच्या वेटरांचे साठ कोट आलेत. पहिले सहा त्याच्या कागदावरून शिवले. वेटरने घातला — झकास! ट्रे उचलायला हात वर केला — टर्रर्र! दुसऱ्याने घातला — टर्रर्र! मी तोंड दाबून माडीवर पळाले. इतकं बरं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

गुरुवार, १३ जून

मालक धाकटीवर खेकसले, सगळ्यांदेखत. "यंत्र चुकत नाही, तूच चुकलीस! शनिवारपर्यंत चूक शोध, नाहीतर घरी बस." मान खाली घालून उभी होती. घरी येऊन जेवली नाही.

नवरा म्हणाला, "तुला काही ठाऊक आहे का गं?"

"मला काय कळतंय त्या डब्यातलं!"

तिचं ताट झाकून ठेवलं मात्र.

शुक्रवार, १४ जून

सांगून टाकलं. सकाळी भांडी घासताना. "बगलेत बोटभर जास्त लागतं. मी मुद्दाम गप्प बसले." म्हटलं, आता तोंड सोडेल.

तर म्हणते, "वहिनी, माहीत आहे मला. लहानपणी तुझ्या टेबलापाशीच बसायची ना मी. ते बोट मी यंत्रात घातलं असतं, तर मालकांनी तुला त्याच दिवशी काढलं असतं."

माझ्यासाठी नोकरी घालवायला निघाली होती. येडी कुठली!

शनिवार, १५ जून

मालकांना तोंडावर सांगितलं. चूक आम्हा दोघींना ठाऊक आहे. ठेवायचं तर दोघींना ठेवा — काढायचं तर दोघींना काढा, नि मग कोटांचं तुमचं तुम्ही बघा. "विचार करतो" म्हणाले. म्हटलं, खुशाल करा. सोमवारी सकाळी दहाला — हो की नाही, तेवढंच सांगा!