आधी फोड, मग भाव

२ डिसेंबर
आज पुन्हा माती खाल्ली! तिवशाच्या आमच्या संत्रा पॅकिंगचे मालक गजेंद्रभाऊ — त्यांच्यापुढे बायकांच्या संडासाचा विषय काढला आणि दुसऱ्याच वाक्याला आवाज चढला. "तुमाले लाज नाई वाटत काय?" हे मी बोलले. मालकाला! ते म्हणाले, "सीझन संपू द्या, मॅडम." झालं.

पुरुष मागच्या नाल्याकडे जातात. बायका जातील कुठं? म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. काल तानुबाई संत्री निवडता निवडता चक्कर येऊन पडल्या. आणि मी म्हणे सुपरवायझर!

३ डिसेंबर
सासूबाईंना सगळं सांगितलं. राजापेठेत फळांच्या गाडीवर त्यांचा जन्म गेला. हसल्या. "गिऱ्हाईकाले आधी भाव सांगते काय वो कोणी? आधी फोड दे हातात. मंग चूप बस. लय बोललं का गिऱ्हाईक पळते."

चूप बसायचं. मी!

४ डिसेंबर
स्वयंपाक करताना चूप बसायचा सराव केला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत हरले.

९ डिसेंबर
भाऊंना म्हटलं होतं, एक दिवस वहिनींना घेऊन या, बायकांना बरं वाटेल. आज आल्या संध्यावहिनी. बायकांमध्ये बसल्या, त्यांच्या डब्यातला ठेचा खाल्ला, वरून दोन गिलास पाणी! तासाभरानं माझ्या कानाशी — "प्रणाली, बाथरूम कुठी हाय वो?"

"भाऊंना विचारा," म्हटलं. आणि जीभ दाताखाली धरली. वहिनी भाऊंकडे बघतायत, भाऊ क्रेटकडे. देवा, बोलायला किती तोंड शिवशिवलं माझं!

"उद्या मिस्त्री बोलावतो," भाऊ म्हणाले.

२४ डिसेंबर
झालं! चांगलं विटांचं, आतून कडी. तानुबाई सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी गटागटा प्यायल्या, बायकांनी टाळ्या पिटल्या. मला रडूच आलं. भाऊ म्हणतात, "पयलेच असं सांगाचं ना, मॅडम!" घ्या! पण खरंच, भला माणूस. वहिनीही. आणि सासूबाईंचे उपकार तर मी कसे फेडू?

२५ डिसेंबर
पेढे घेऊन गाडीवर गेले. सासूबाईंचा घसा ओरडून बसलेला. पाण्याची बाटली पुढे केली.

"नोको. घरी गेल्यावर."

इतक्या वर्षांत त्यांना गाडीवर पाणी पिताना मी पाहिलंच नव्हतं. इथं तरी बायका जातील कुठं?

त्याच मग हळूच बोलल्या, "माल इकता येते मले. हे मांगता नाई आलं, पोरी."