नव्या शब्दाविना आलेली पत्रं

तांडापेठ, नागपूर
गुरुवार, ९ फेब्रुवारी १९७८

प्रिय चारू,

बाबाचा मायेचा हात तुझ्या डोक्यावरून. हे पत्र लिहायला मी सकाळपासून बसतो आहे आणि उठतो आहे. मागावर बसलो, बोटभर कापड विणून उठलो. ओसरीवर बसलो, तिथेही जमलं नाही. चौकात पान खायला म्हणून गेलो आणि पान न खाताच परत आलो. तुझी आई तांदूळ निवडता निवडता हे सगळं पाहत होती. शेवटी म्हणाली, "काहून जी, पायाले भिंगरी बांधली का? एका जागी बसून राहा नं जरासं." म्हणून बसलो आहे. तुझं परवा आलेलं पत्र समोर आहे. त्यात म्हणतेस, मी मजेत आहे, काम छान चालू आहे, थंडी फार आहे, काळजी नसावी. एवढंच. त्याआधीच्या पत्रात हेच होतं, आणि दिवाळीनंतर आलं त्यातही हेच. शेजारच्या बाबनरावाला वाचून दाखवलं, तर तो माझ्यावरच उखडला. "पोरगी मजेत आहे, तिनंच तं लिहिलं. आता तुले काय स्टांप पेपरावर पायजे का गा?" मी हसलो आणि घरी आलो. आणि तुझं पत्र पुन्हा उघडून बसलो. चारू, तू मजेत नाहीस. तुला काय झालं ते मला ठाऊक नाही, पण काहीतरी झालं आहे. मला ते कशावरून कळलं, ते आधी सांगतो.

तू नर्स म्हणून जर्मनीला गेलीस त्याला आता पाचवं वर्ष. पहिल्या हिवाळ्यातली तुझी पत्रं मी जपून ठेवली आहेत. काय रडायचीस तू! पेशंट पाणी मागतो की उशी मागतो तेही कळत नाही, सगळे हसतात, मी इथे मुकी झाले आहे, असं लिहायचीस. पण त्याच पत्राच्या तळाशी एखादा नवा शब्द असायचाच. फेन्स्टर म्हणजे खिडकी. कार्टोफेल म्हणजे बटाटा. हा तुला तुझ्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या लिंडनरबाईंनी शिकवला, विणकामाची सुई तुझ्याकडे रोखून, दहादा वदवून घेऊन. तुझ्या आईला तर त्या शब्दांचं वेडच लागलं. पत्र आलं की आधी विचारायची, "नवं काय शिकली वं माझी बाई?" आजही सकाळी ती दूधवाल्याला गुटेन मॉर्गेन म्हणते. तोही बिचारा सवयीने "राम राम, भागीरथाबाई" म्हणतो आणि माप ओततो. बटाट्याची भाजी आमच्याकडे अजून कार्टोफेलचीच होते.

मग गेल्या उन्हाळ्यात तुझ्या पत्रांचा रंग बदलला. फारराड म्हणजे सायकल. नदीच्या काठाला काय म्हणतात ते. चेरीच्या झाडाला काय म्हणतात ते. मी वाचत होतो आणि मनात म्हणत होतो, हे शब्द काही वॉर्डातले नाहीत. खाटेवरचे म्हातारे नर्सला सायकल शिकवत नाहीत. पण बोललो नाही. मुलगी एकोणतीस वर्षांची आहे, स्वतःच्या पायावर उभी आहे, सांगायचं तेव्हा सांगेल, असं म्हटलं. आणि दिवाळीनंतर एकदम सगळं बंद. ना सायकल, ना नदी, ना लिंडनरबाई. तेव्हापासून एकही नवा शब्द आला नाही.

तू म्हणशील, बाबा, शब्दांवरून कुठे माणसाची तब्येत कळते? कळते. तुला मी आफ्रिकेच्या पुष्कळ गमती सांगितल्या, ही एक मात्र कधी सांगितली नाही. सरकारने हातमाग शिकवायला मला टांझानियाला पाठवलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंतची. बाकी जे आलं ते ऐकून, वाचून, धडपडून आलं. तिथे गावात एक गुजराती दुकानदार होता, मोठा भला माणूस. त्याला हिंदी यायची आणि तिथली स्वाहिली तर तो त्यांच्यासारखीच बोलायचा. मला मीठ घ्यायचं असो की घरमालकाशी भांडायचं असो, बोलायचा तोच. सहा महिने असे आरामात गेले आणि मला एक अक्षर आलं नाही. मग तो मोठ्या शहरात दुकान टाकायला निघून गेला. माझं तोंडच परगावी गेलं म्हण ना! मागापाशी फारसं अडायचं नाही. सूत, धोटा, ओढ, सोड, तुटलं, जोड, एवढ्यावर दिवस निघायचा. संध्याकाळ मात्र खायला उठायची. खोलीच्या भिंतींशी किती बोलणार?

तेव्हा मी एक युक्ती काढली. बाजारात केळी विकणारी एक बाई होती, झुहुरा. मी तिला झुहुराबाईच म्हणायचो. मी तिच्याकडून एका वेळी एकच केळं घ्यायचो. ते खायचं, पुन्हा तिच्यापाशी जायचं, पुन्हा नमस्कार, पुन्हा खबरबात, पुन्हा एक केळं. प्रत्येक फेरीत एखादी वस्तू दाखवून तिचं नाव विचारायचं. टोपली, तराजू, माशी. मी चुकलो की ती मांडीवर थाप मारून हसायची आणि आजूबाजूच्या बायांना बोलावून मला पुन्हा म्हणायला लावायची. साऱ्या बाजाराची करमणूक झालो होतो मी. पण बोलायला लागलो. अजून ताण्याचे धागे मोजताना आकडे त्यांच्याच भाषेत येतात. तुझी आई म्हणते, हा कोणता मंत्र पुटपुटून राहिले?

तुझी आजी गेल्याची तार मला तिथेच मिळाली. तू तेव्हा मॅट्रिकला होतीस. इतक्या लांबून येणं शक्य नव्हतं, सगळं आटोपून गेलं होतं. त्या दिवशी मी काम बंद ठेवलं नाही. कोणाला सांगितलंही नाही, कारण सांगायला शब्दच नव्हते. संध्याकाळी बाजारात गेलो. झुहुराबाईने रीतीप्रमाणे घरची खबर विचारली. आता त्यांच्यात अशी रीत आहे की खबर विचारली की आधी 'चांगली' म्हणायचं. घर जळत असलं तरी आधी चांगली. मग जे खरं असेल ते सांगायचं. मला त्यातला पहिला अर्धा भागच येत होता. मी 'चांगली' म्हटलं, पैसे ठेवले, केळ्यांची अख्खी फणी उचलली आणि निघालो. तिने मनगट धरलं. रोज एका केळ्यासाठी चार चकरा मारून डोकं खाणारा माणूस आज फणी उचलतो आणि एक शब्द विचारत नाही, हे तिच्या लगेच ध्यानात आलं. ती म्हणाली, "आणि?" मागे गिऱ्हाइकं उभी होती, तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पुन्हा तेच, "आणि?" माझ्याजवळ होते ते मागाचे शब्द. मी म्हटलं, आई. घर. लांब. सूत. तुटलं. तिला कळलं, चारू. तिने मला पोत्यावर बसवलं, शेजारी बसली आणि अंधार पडेपर्यंत आलेल्या गिऱ्हाइकांना नुसत्या हाताने परत पाठवत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिने मला मागावर न मिळणारे शब्द शिकवले. मरण, आठवण, भूक नसणं, झोप न येणं. ती भाषा मला खरी यायला लागली ती त्या दिवसापासून.

तेव्हापासून मला एवढं पक्कं समजलं आहे की परक्या मुलखात शब्द पुस्तकातून थोडे येतात आणि माणसांकडून फार. कोणीतरी तुझ्यासाठी थांबतं, तुझ्या चुकीवर हसतं, बोट दाखवून नाव सांगतं, तेव्हा शब्द हाती लागतो. म्हणून तुझ्या पत्रात तो येईनासा झाला तेव्हा मी समजलो की तिथे कोणी तुझ्याशी बोलत नाही, किंवा तूच कोणाशी बोलेनाशी झाली आहेस. ड्यूटीपुरतं बोलत असशील. औषध घ्या, कूस बदला, ताप नाही. त्यावर नोकरी चालते बाई. जीव चालत नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगतो, रागावू नकोस. तुझ्या आईला वाचता येत नाही, तुझी पत्रं मीच वाचून दाखवतो. दिवाळीनंतरचं पत्र आलं आणि ती पुढे सरसावून बसली. त्या चार ओळी तिला कशा ऐकवणार? म्हणून मी जोडलं. लिंडनरबाईंनी तुला मोजे विणून दिले म्हटलं. बर्फात पोरं घसरगुंडी खेळतात म्हटलं. नवा शब्द विचारला तर एक आफ्रिकेतलाच शब्द जरा जर्मनसारखा घोगरा करून ठोकून दिला. पुढच्या पत्राला तसंच केलं. परवाच्या पत्राला मी असाच रंगात आलो होतो, तर तिने माझ्या हातातून कागद घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "एवढुशा कागदात एवढं मावलं काहून जी?" ती उठली, चुलीवरचं आधण उतरवलं, पदराने हात पुसले आणि पाठमोरीच म्हणाली, "ते सायकल कोणाची होती?"

मी इतके दिवस समजून होतो की हे फक्त मला कळलं आहे. तिला उन्हाळ्यापासून ठाऊक होतं. सायकल, नदी, झाड ऐकूनच तिने ओळखलं होतं आणि मनातल्या मनात वाट पाहत होती की पोरगी नाव कधी लिहिते. मला भीती होती की जात, धर्म, गोरा माणूस, लोक काय म्हणतील, असं काहीबाही काढून ती रडेल. रडली, पण त्यासाठी नाही. म्हणाली, "कोणीही असो. माझ्या बाईले तिथं एकटं टाकून गेला असंल तं तिले जेवण गोड लागत नसंल." मग माझ्यावर घसरली की तुम्ही शब्द जोडून जोडून मला काय फसवून राहिले, उठा, काहीतरी करा. दोन दिवस झाले, घरात आम्ही दोघंही असेच इकडून तिकडे फिरतो आहोत. ती भांडी घासून पुन्हा घासते. मी मागाची दोरी सोडून पुन्हा बांधतो. बाबनराव म्हणतो, परत बोलवा, लग्न उरकून टाका. त्याला मी म्हटलं, तुझ्या घरची बोलणी तू कर. चारू, तू ये असंही मी सांगत नाही आणि राहा असंही सांगत नाही. तू ती भाषा रडून रडून कमावली आहेस. एका माणसापायी ती टाकून यायची का, हे तुझं तूच ठरवायचं. पण ते चार भिंतींत मुक्याने बसून ठरवू नकोस.

आता हे पत्र काहून लिहिलं ते सांगतो. काल मी तार ऑफिसात जाऊन तुझ्या नावाने फोन नोंदवून ठेवला आहे. रविवार, २६ तारखेला, आमच्या दुपारी चार वाजता. तुझ्याकडे तेव्हा सकाळचे साडेअकरा असतील. तुमच्या हॉस्टेलात जिन्याखाली फोन आहे, त्याचा नंबर तुझ्या पहिल्या वर्षाच्या पत्रात सापडला. ड्यूटी असली तर बदलून घे आणि तिथे उभी राहा. आधी मुंबईच्या एक्स्चेंजची बाई बोलेल, मग खरखर होईल, मग मी. तुझी आई बोलणार नाही, तिला यंत्राशी बोलायला लाज वाटते. ती कान लावून बसेल. तुला काही सांगायचं नसेल तर सांगू नकोस, नुसता श्वास ऐकू आला तरी आम्हाला पुरे. आणि सांगायचं असेल आणि मराठीत तोंडातून निघत नसेल, तर जर्मनमध्ये सांग. ज्या भाषेत दुखलं त्या भाषेत सांग, बाई. आम्हाला त्यातला शब्दही कळणार नाही, पण आम्ही शेवटपर्यंत ऐकू, मधे बोलणार नाही. ऑफिसातला माणूस म्हणाला, ही लाइन मधेच तुटते, भरवसा नाही. तुटली तर वर खोलीत निघून जाऊ नकोस. तिथेच थांब. मी तार ऑफिसातल्या बाकावरून उठणार नाही, पुन्हा लावायला सांगेन.

तुझाच,
बाबा