एक पास, तीन होड्या

अहो,

तुम्ही होतात तेव्हा तुम्हाला कधी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. सायखेड्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान बंद करून तुम्ही संध्याकाळी घरी यायचात आणि दिवसभराचं सगळं मी तुम्ही चप्पल काढायच्या आत सांगून टाकायची. आज लिहितेय, कारण अकरा वाजता देवळाच्या सभामंडपात बैठक आहे आणि तिथे मला तुमच्या मरणाबद्दल बोलायचंय. आता साडेनऊ झालेत. काय बोलायचं ते ठरत नाहीये.

मासेमारी खात्याचे साहेब येणार आहेत. नदीच्या पाण्याचा ठेका घेतलेल्या संस्थेचे लोकही येतील. तीन महिन्यांपूर्वी तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर कसे पडलात, हे साहेब माझ्याकडून लिहून घेणार आहेत.

काल तुमचे गळाचे सोबती निवृत्तीभाऊ आले होते. चहाला नको म्हणाले. खिशातून होडीचा पास काढून त्यांनी माझ्या शिलाई मशीनवर ठेवला.

"वहिनी, हा त्यांच्या खिशात सापडला म्हणायचं. नाव तर त्यांचंच हाय ना? पासवाल्याला अपघाताची मदत मिळती."

मी पास हातात घेतला. कागद पापडासारखा आकसलेला, शिक्क्याची शाई पसरलेली. "हा असा कसा?" मी विचारलं.

"बादलीत बुडवून वाळवला," ते खाली मान घालून म्हणाले. "कोरा दिसला असता तर कुणी खरं मानलं नसतं."

हसावं की रडावं तेच कळेना. तुमच्यासाठी या माणसाने ओट्यावर बसून कागद भिजवला आणि पंख्याखाली वाळवला!

बैलगाड्यांचा जुना उतार होता तोवर या भानगडी नव्हत्या. गळवाल्याची वर्षाची पावती चहापाण्याच्या खर्चात निघायची आणि होडी कुणीही त्या उतारावरून पाण्यात लोटायचं. मग नवा घाट झाला. उतारावर फरशीच्या पायऱ्या आल्या, रेलिंग आलं, लोक फोटो काढायला लागले. होडी उतरवायला सगळ्या काठावर एकच जागा उरली, ती संस्थेच्या गेटाच्या आत. आत जायचं तर होडीचा पास हवा, आणि पासाचा दर सगळ्यांना सारखा. जाळ्याची होडी क्रेटच्या क्रेट भरून मासे काढते. तुम्ही, निवृत्तीभाऊ आणि वामनराव रविवारी गळ टाकून बसायचात आणि दोन मरळी आणायचात, त्यातली मोठी नेहमी हातातून निसटलेली असायची. तरी दर तोच!

तुम्ही होडी विकायला निघाला होतात, आठवतं? पत्रा ठोकून स्वतः केलेली होडी. चार दिवस जेवताना एक शब्द बोलला नाहीत. मला ते बघवेना. तेव्हा मीच म्हणाले, आम्ही बायका होळीला एक पुरणयंत्र चार घरांत फिरवतो, तसा तिघांनी मिळून एकच पास काढा. गेटवरचा माणूस कागद बघतो, तोंड कुठे बघतो?

"शालन, हे बरोबर नाय," तुम्ही म्हणालात.

"आणि त्यांचा दर बरोबर आहे?" मी म्हणाले. त्यावर तुम्ही गप्प बसलात. माझ्यापुढे तुम्ही नेहमीच लवकर गप्प बसायचात, हे काही चांगलं नव्हतं.

मग पास तुमच्या नावावर निघाला आणि तिघांत फिरायला लागला. ज्याचा रविवार त्याची होडी. उरलेले दोघे ती उचलू लागायचे आणि गेटापासून परत फिरायचे. दीड वर्ष सुरळीत चाललं. मी तर मैत्रिणींना माझी अक्कल ऐकवून दाखवायची.

तो रविवार निवृत्तीभाऊंचा होता. पास त्यांच्याकडे होता. तुम्ही एकटेच होडी खांद्यावर घेऊन पायऱ्यांवरून उतरलात. खालच्या चार पायऱ्यांवर शेवाळ असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वामनरावांना हाक का नाही मारलीत? ते दोन घरं सोडून राहतात. मला फार राग येतो तुमचा. होडी पुलाखाली सापडली, तिला साधा पोचाही नव्हता. तुम्ही मात्र मला दवाखान्यात, चादरीखाली दिसलात.

निवृत्तीभाऊ सांगत होते, खरं सांगितलं तर पास खोटा वापरला म्हणून त्यांचं आणि वामनरावांचं पाण्यात उतरणं कायमचं बंद होईल. मदतही जाईल. वर गाव म्हणेल, एवढा सरळ माणूस, तोही फुकट्या निघाला. सगळं पटत होतं मला. सकाळी उठले तेव्हा पास पदराला बांधूनच न्यायचा असं ठरलं होतं.

पण हे लिहिता लिहिता एक गोष्ट ध्यानात आली. साहेब पहिला प्रश्न हाच विचारतील ना, की पास खिशात होता तर हे संस्थेच्या गेटातून का गेले नाहीत? मग काय सांगू? पास असताना निसरड्या पायऱ्यांवर होडी घेऊन कोण जाईल? कागदावर लागेल, मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. संस्थेचा दर सुटला, उतार बुजवणारे सुटले. तुम्ही तेवढे मूर्ख ठरलात, तेही माझ्या सहीने.

मध्येच पेन ठेवून निवृत्तीभाऊंना फोन लावला. म्हटलं, "भाऊ, मी खरं सांगणार आहे."

ते म्हणाले, "मग वहिनी, माझं नाव तुम्ही घेऊ नका. मी उभा राहून माझं मीच सांगतो. वामनला पण घेऊन येतो."

"पाणी बंद झालं तर?"

"होऊ द्या. त्या दिवसापास्नं मी गळाला हात तरी कुठं लावलाय?"

फोन ठेवल्यावर मी रडले. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणाशी तरी खरं बोलल्यासारखं वाटलं. पण पूर्ण खरं मी त्यांनाही सांगितलं नाही.

शहरातून आपली मनीषा आणि जावईबापू त्या दिवशी जेवायला येणार होते. मी म्हणाले, मरळ आणा. तुम्ही म्हणालात, "आज पास निवृत्तीकडं हाय. बाजारातनं आणतो." मला बाजारातली नको होती. सासऱ्याने स्वतः धरलेली मरळ जावयाच्या ताटात वाढायची हौस होती. मी पिठाच्या हातानेच म्हणाले, "पायऱ्यांवरून जा की. इतक्या सकाळी कोण बघतंय?" तुम्ही दारात जरा थांबलात, माझ्याकडे बघितलंत आणि होडीकडे गेलात. नाही म्हणायचं होतं ना तेव्हा? एकदा तरी म्हणायचं!

हे मनीषाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही.

पावणेअकरा झाले. मी निघते. गळवाल्यांना वेगळा, परवडेल असा पास द्या आणि त्या पायऱ्यांशेजारी एक उतार करा, हे मी मागणारच आहे. पण त्याआधी, सगळ्या गावासमोर, मनीषा पुढे बसलेली असेल तरीसुद्धा, मी साहेबांना सांगेन की पास ह्यांच्याजवळ नव्हता आणि हे जायला तयार नव्हते. मीच पाठवलं. हा शब्द देते तुम्हाला, आणि या वेळी तुम्ही गप्प बसलात तरी चालेल.

तुमची
शालन